क्लीनर साइड

“डावीकडे,” मी ओरडलो, आणि सिंधूने ट्रक उजवीकडे घेतला.

हमालांच्या चहाच्या टपरीचा पत्रा आणि ट्रकची मागची फळी यांच्यात वीतभर अंतर उरलं, तेव्हा मी दोन्ही हात वर केले. ट्रक थांबला. केबिनच्या पलीकडच्या खिडकीतून किसनअण्णांचं डोकं बाहेर आलं. त्यांनी आधी टपरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“सर, कुणाचं डावं?”

“गाडीचं.”

“गाडीला हात असत्यात व्हय?”

प्रश्न रास्त होता. मी ट्रकच्या मागे, ट्रककडे तोंड करून उभा होतो. त्यामुळे माझं डावं आणि ट्रकचं डावं एकच होतं. सिंधू मात्र खिडकीतून अर्धी बाहेर येऊन मागे बघत होती. तिचं डावं उलट दिशेला गेलं होतं. आम्ही दोघेही आपापल्या जागी बरोबर होतो आणि टपरी मधल्या मध्ये जाणार होती.

“गाडीला डावं-उजवं नसतं,” अण्णा म्हणाले. “ड्रायव्हर साइड आन क्लीनर साइड. ड्रायव्हरला उलटा टांगा, तरी क्लीनर साइड बदलत न्हाई.”

मला ही व्यवस्था पसंत पडली. दिशा बघणाऱ्याला न जोडता वस्तूला जोडली, की निम्मे वाद संपतात. अकरावीच्या वर्गाला हे पटवायला मला दर वर्षी एक आठवडा लागत असे.

“आन गाडी निघती का न्हाई ते सांगायचं असलं तर ‘पास’ म्हणायचं,” सिंधू म्हणाली. “मी विचारणार, क्लीनर साइड? अंतर पुरत असलं तर तुम्ही म्हणणार, पास. मागं यायचं तर ‘येऊ द्या’. पुढं जायचं तर ‘जाऊ द्या’. थांबवायचं तर ‘बास’. ते बाहेर उभ्या असलेल्यानं म्हणायचं. ड्रायव्हरनं फकस्त ऐकायचं.”

“एवढे चारच शब्द?”

“एवढ्यात हिंदुस्थान फिरून येता येतो, सर,” अण्णा म्हणाले. “तुमच्या पुस्तकात जास्ती असतील.”

त्या दिवशी पिठोरी अमावास्या होती. अमावास्येला हमाल ओझं उचलत नाहीत, म्हणून लोणंदचं कांदा मार्केट त्या दिवशी बंद असायचं. एरवी त्या आवारात पाय ठेवायला जागा नसे. अमावास्येला ते एखाद्या सुकलेल्या तळ्यासारखं मोकळं पडलेलं असे. अमावास्येबद्दलच्या समजुतींवर माझा विश्वास नव्हता. त्यांचा फायदा घ्यायला मात्र माझी हरकत नव्हती.

लोणंदच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवत होतो आणि किसनअण्णा धायगुड्यांच्या घरातली रस्त्याकडची खोली भाड्याने घेऊन राहत होतो. अण्णांनी आयुष्यभर ट्रक चालवला. मग साखरेने त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून नेला, आणि ट्रक अंगणात ताडपत्री पांघरून उभा राहिला. पगारी ड्रायव्हर ठेवून पाहिले. पहिला वाटेत डिझेल विकायचा. दुसरा भरली गाडी चित्रदुर्गाजवळ उभी करून मेव्हणीच्या लग्नाला गेला. शेवटी अण्णांनी जाहीर केलं, की दिवाळीपर्यंत घरचा माणूस स्टिअरिंगवर बसला नाही तर पाडव्यानंतर गाडी विकायची. फलटणचा एक व्यापारी येऊन टायर ठोकून गेला होता.

घरचा माणूस म्हणजे सिंधूच. दुसरं कोणी नव्हतं. तिशीच्या आतबाहेरची असेल. लग्न होऊन दोन वर्षांत ती माहेरी परत आली होती. का, ते कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती दूध डेअरीची पिकअप चालवायची. हलक्या वाहनाचं लायसन होतं. ट्रकसाठी हेवीचं लायसन लागतं, आणि त्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून शिकावं लागतं.

आषाढातल्या एका संध्याकाळी ती माझ्या दारात आली होती. मी खोलीत असताना उंबऱ्याच्या आत ती कधी येत नसे.

“सर, एक विचारायचं हुतं. तुम्ही अजून वर्षभर हितं राहणार का?”

“का?”

“राहणार असाल तर वर्षाचं भाडं एकदम देता येईल का? उसनं मागत न्हाई. भाडंच. हेवीच्या फीला जवळपास तेवढंच लागतंय.”

मी तासिका तत्त्वावर होतो. माझा पगार कधी यायचा आणि कधी नुसता येणार असायचा. पण माझ्या खात्यात एक रक्कम होती. चार वर्षं साठवलेली. दुर्बिणीसाठी. टेबलावर त्या दुर्बिणीचं माहितीपत्रक होतं आणि सिंधूने ते पाहिलेलं होतं, कारण माझ्या गैरहजेरीत खोली झाडायला ती येत असे आणि माहितीपत्रक दर वेळी मला थोडं सरळ करून ठेवलेलं सापडत असे.

“राहणार आहे,” मी म्हणालो.

“वर्षभर?”

“निदान वर्षभर.”

तिने दाराच्या चौकटीवर बोट फिरवलं. “बरं झालं,” म्हणाली आणि गेली.

लायसन मिळालं, की ती महिन्यातले पंचवीस दिवस रस्त्यावर असणार, हे मला माहीत होतं. म्हणजे तिच्या जाण्याची फी मी भरत होतो, आणि ती गेल्यावर तिच्या घरात राहण्याचे पैसेही त्याच व्यवहारात आगाऊ देत होतो. यात विसंगती होती. विसंगती दिसली की मी सहसा काम थांबवून पुन्हा पहिल्यापासून बघतो. त्या वेळी दुसऱ्या दिवशी बँक उघडताच पैसे काढून आणले.

फी भरली, पण तेवढ्या फीत स्कूलवाल्याने पुढेच चालवायला शिकवलं. रिव्हर्स त्याने एकदाच दिला, तोही डोळे मिटून, कारण त्याचं फाटक नवीन होतं. जादा सरावाला जादा पैसे. ते नव्हते. म्हणून अमावास्येला स्वतःचा ट्रक, एक कॅन डिझेल, शेजारी अण्णा, मागे मी. शिकणाऱ्याच्या शेजारी हेवी लायसनवाला माणूस असावा असा नियम होता आणि अण्णांच्या लायसनची मुदत शिल्लक होती.

“पण तुमचा पाय,” मी एकदा म्हणालो होतो.

“नियमात पायाचं काय लिवलंय?”

“लिहिलेलं नसावं.”

“मग झालं तर. तोंड शाबूत हाय.”

एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत डिझेल जाळणं परवडणारं नव्हतं. तेवढ्या काळात अंगणात सराव व्हायचा. मी खडूने फरशीवर परीक्षेच्या मैदानाचा आराखडा काढला होता. पहिले काही दिवस सिंधू उभ्या ट्रकमध्ये बसून नुसतं स्टिअरिंग फिरवी. मग एका संध्याकाळी ती खाली उतरली.

“मागं उभा असलेल्याला काय दिसतं, ते मला कळायला पायजे. तुम्ही गाडी व्हा, सर.”

“माणसाच्या वळण्याची त्रिज्या ट्रकला लागू होत नाही.”

“व्हा तर.”

मी पाठमोरा झालो. ती मागे, आराखड्याच्या शेवटच्या रेषेशी जाऊन उभी राहिली. अण्णा बाजेवर बसून तंबाखू मळत होते.

“येऊ द्या,” ती म्हणाली.

मी एक पाऊल मागे टाकलं.

“येऊ द्या. येऊ द्या. थोडं क्लीनर साइडला. हां. येऊ द्या.”

मागे न बघता चालणारा माणूस सरळ रेषेत चालत नाही. त्याचा तोल पावलागणिक किंचित ढळतो. माझाही ढळत होता. तिचा आवाज जवळ येत होता, म्हणजे मी तिच्या जवळ जात होतो. अमुक एका आवाजाच्या दिशेने, डोळे असून न बघता, नुसत्या त्याच्या सांगण्यावर जाणं हा मला त्यापूर्वी आलेला अनुभव नव्हता.

“येऊ द्या,” ती अगदी हळू म्हणाली. आणि मग, “बास.”

मी थांबलो. तिच्या पदराला शेणाचा आणि डिझेलचा वास होता. मी वळलो नाही.

“किती राहिलं अंतर?” अण्णांनी बाजेवरून विचारलं.

“पास हाय,” सिंधू म्हणाली आणि आत निघून गेली.

अण्णांनी तंबाखू तोंडात टाकली. “सर, एक निरीक्षण हाय. तुमचाच शब्द.”

“सांगा.”

“अख्खी आळी हिला सिंधूताई म्हणती. पोस्टमन म्हणतो. डेअरीचा चेअरमन म्हणतो, तो माझ्या वयाचा हाय. तुम्ही न्हाई म्हणत.”

“सवय नाही.”

“मग काय म्हणता?”

मी विचार केला. “काही नाही. नुसतं बोलतो.”

“तेच म्हणतोय मी,” अण्णा म्हणाले आणि थुंकायला पलीकडे वाकले.

सर्वपित्री अमावास्येला आम्ही पुन्हा मार्केटात गेलो. वाटेत तिघा-चौघांनी अडवून विचारलं, की आज कशाला गाडी काढली. अण्णांनी प्रत्येकाला सांगितलं, की आज सगळे पितर जेवायला खाली आलेत, पोरगी कशी चालवती ते बघून जातील.

त्या दिवशी सिंधूने मान बाहेर काढली नाही. आरशात बघून मागे यायचं असं तिने ठरवलं होतं. “पण तुम्ही मला आरशात दिसला पायजे, सर. दिसला न्हाई की मी थांबणार.”

“मी तुला दिसतो आहे की नाही, हे मला इथून सांगता येईल,” मी म्हणालो.

“ते कसं?”

“मला आरशात तुझे डोळे दिसले, की तुला मी दिसतो. प्रकाश ज्या वाटेने जातो त्याच वाटेने परत येतो. एकतर्फी दिसणं आरशात नसतं.”

मी तिला अहोजाहो करत असे. त्या वाक्यात ते सुटलं, आणि माझ्या लक्षात येईपर्यंत वाक्य संपलं होतं. तिने ऐकलं.

मग मार्केटच्या त्या रिकाम्या आवारात ती ट्रक मागे आणत राहिली आणि मी मागे सरकत राहिलो. ड्रायव्हर साइडच्या आरशात तिचे डोळे होते. “क्लीनर साइड?” ती विचारायची. “पास,” मी म्हणायचो. “येऊ द्या. येऊ द्या.” डिझेल संपत आलं तेव्हा अण्णांनी काटा बघून सांगितलं, की आता फक्त घरी जाण्यापुरतं उरलंय. त्या दिवशी, माझ्या आठवणीत, मला पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीचा साठा मर्यादित असल्याचं वाईट वाटलं.

परीक्षा नवरात्रात झाली. मी कॉलेजात होतो. संध्याकाळी परत आलो तेव्हा सिंधू अंगणात ट्रकच्या बोनेटवर चढून काच पुसत होती.

“काय झालं?”

“ड्रायव्हर साइड पास,” ती काचेवर फडकं मारत म्हणाली. “क्लीनर साइड पास. आन मीबी पास.”

बाजेवर अण्णा रडत होते. ते रडताना कोणाला दिसू नयेत म्हणून मोठ्याने शिव्या देत होते, फलटणच्या व्यापाऱ्याला.

पहिला फेरा दिवाळीनंतर ठरला, बंगळूरला कांदा घेऊन. गावातल्या आणखी दोन गाड्या सोबत जाणार होत्या. अण्णा शेजारी बसणार होते, पण ऐन दिवाळीत त्यांच्या कापलेल्या पायाच्या टोकाला जखम झाली आणि डॉक्टरांनी महिनाभर हलू नका म्हणून सांगितलं.

भाऊबीजेला सिंधू आळीतल्या सगळ्या सड्याफटिंगांना ओवाळायची. शेजारचे दोघे, डेअरीचा मापाडी, पोस्टमन. तबक घेऊन ती प्रत्येक दारात गेली. माझ्या दारावरून तशीच पुढे गेली. अण्णांनी हाक मारून विचारलेलं मी ऐकलं.

“आन सर?”

“त्यांना न्हाई,” ती म्हणाली.

ओवाळणीत पैसे टाकावे लागतात. वर्षाचं भाडं दिल्यानंतर माझ्याकडे ओवाळणीपुरतेही उरले नसणार, असं समजून तिने मला वगळलं असावं, असा निष्कर्ष मी काढला. तो तिच्या स्वभावाशी सुसंगत होता, आणि मला ते सौजन्य वाटलं.

त्याच संध्याकाळी ती चुलीसाठी सरपण नेताना माझ्या खिडकीशी थांबली.

“तुम्हाला सुट्टी किती दिवस हाय, सर?”

“अजून पंधरवडा आहे.”

“हुबळीच्या पुढं रस्त्याला मैलभर दिवा नसतो म्हणं. अण्णा सांगतात, गाडी बाजूला लावून वर बघितलं की तारे अंगावर पडतील असं वाटतं.”

“बरोबर आहे. शिवाय तिथला अक्षांश कमी. दक्षिणेकडचे तारे इथल्यापेक्षा वर चढलेले दिसतील. अगस्त्य नीट दिसेल.”

“कसा ओळखायचा?”

मी तिला खिडकीतून सविस्तर समजावून सांगितलं. कोणत्या दिशेला, कोणत्या सुमाराला, व्याधापासून किती खाली. ती सरपण काखेत धरून पूर्ण ऐकत उभी राहिली.

“दाखवायला कुणी असलं तर बरं पडतं,” ती म्हणाली.

“अवघड नाही. चुकणार नाही तुमचं.”

तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतल्या बायका फाटकाशी जमल्या. ट्रकला झेंडूचं तोरण होतं. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. अण्णांची बाज उचलून अंगणात आणली होती.

“सर, लिंबावर विश्वास नसंल तुमचा,” अण्णा म्हणाले.

“नाही.”

“चाकाखाली लिंबू फुटतं, एवढं तरी सिद्ध हाय का न्हाई?”

“एवढं सिद्ध आहे.”

“मग बास झालं. पुढचं आम्ही बघतो.”

सिंधू केबिनमध्ये चढली. तिने केस घट्ट बांधले होते आणि साडीवर अण्णांचा खाकी शर्ट घातला होता. इंजिन सुरू झालं. मी सवयीने ड्रायव्हर साइडला, फाटकाच्या खांबाशी जाऊन उभा राहिलो. तिने खिडकीतून खाली पाहिलं.

“सर.”

“हो.”

“क्लीनर साइड मोकळी हाय.”

मी ट्रकला वळसा घालून पलीकडे गेलो. फाटकाचा दुसरा खांब आणि ट्रकची फळी यांच्यात हातभर अंतर होतं. गटारावरची फरशी शाबूत होती. कडुनिंबाची एक फांदी खाली आली होती, पण ती टपावरून गेली असती. मी ते सगळं नीट पाहिलं, परत आलो.

“हो, मोकळी आहे,” मी म्हणालो. “पास. जाऊ द्या.”

ती माझ्याकडे बघत राहिली. इंजिनाच्या आवाजाने तोरणातली फुलं थरथरत होती.

“जाऊ द्यायचं?”

“हो. जाऊ द्या.”

“बरं,” ती म्हणाली. तिने समोर पाहिलं. “जाऊ द्या.”

लिंबू फुटलं. बायकांनी हात जोडले. ट्रक फाटकातून कुठेही न लागता बाहेर पडला आणि मार्केटच्या रस्त्याला वळेपर्यंत सरळ गेला. ड्रायव्हर साइडच्या आरशात तिचे डोळे दिसत होते, म्हणजे मी तिला दिसत होतो. कांद्याच्या वखारीपाशी वळण आलं.

काहीतरी चुकलं होतं एवढं मला जाणवलं. विचार केल्यावर चूक सापडली: ‘जाऊ द्या’ हे बाहेर उभ्या असलेल्याने म्हणायचं असतं, ड्रायव्हरने नाही. पहिल्या फेऱ्याच्या गडबडीत तिच्याकडून ते उलटं झालं असावं, असं मी स्वतःला सांगितलं.

नंतरचे दिवस मी अण्णांच्या बाजेशेजारी खुर्ची टाकून बसत असे. चौकातल्या एसटीडीवाल्याकडे तिचे निरोप येत. सातारा सोडलं. हुबळी आली. कांदा उतरला, परतीला नारळ मिळाले. सुट्टीत मला रत्नागिरीला आईकडे जायचं होतं, गेलो नाही. अंधार पडल्यावर मी अंगणातून दक्षिणेकडे बघायचो. लोणंदच्या दिव्यांमुळे क्षितिजाजवळचं काही दिसत नसे.

ती आली तेव्हा दुपार होती. वळणावरूनच हॉर्न वाजला आणि आळी बाहेर आली. शेजारच्या काकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. सिंधू खाली उतरली. काळवंडली होती, आणि तिच्या चालण्यात काहीतरी बदललं होतं. जमीन अजून हलतेय असं पाऊल टाकत होती. मी फाटकाशी होतो. तिने केबिनमधून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि सगळ्यांच्या देखत माझ्यापुढे धरली.

“हे तुमच्यासाठी, दादा,” ती म्हणाली. “बंगळूरला जुन्या बाजारात मिळाली. दोन डोळ्यांची हाय. तुम्हाला पायजे हुती तेवढी मोठी न्हाई. पण चालंल.”

शेजारच्या काकू कौतुकाने हसल्या. “दादाला आणलीस व्हय? बरं केलंस बाई.”

मी दुर्बीण हातात घेतली. लष्करी बनावटीची असावी. उजव्या भिंगाला बारीक ओरखडा होता. काय बोलायचं असतं ते मला आठवेना, म्हणून मी ती डोळ्यांना लावली. एवढ्या जवळचं तिच्यातून काही स्पष्ट दिसत नव्हतं.

सिंधू आत चहा टाकायला गेली. बायका पांगल्या. अण्णांनी मला बाजेपाशी बोलावलं.

“सर, तिनं तुम्हाला इचारलं हुतं म्हणं. निघताना.”

“काय?”

“क्लीनर साइड मोकळी हाय म्हणून.”

“हो. मी बघून आलो. पास म्हणालो.”

अण्णा हातातला चुना अंगठ्याने पुसत राहिले. “सर, गाडी निघती का म्हणून इचारायचं असतं तर ती काय म्हणाली असती?”

चारच शब्द होते. ते मला पाठ होते. कुठला कशासाठी, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ‘पास’ अंतरासाठी होता. ‘मोकळी’ हा त्या चारांत नव्हता.

“मोकळी म्हणजे बसायची जागा,” अण्णा म्हणाले. “मीच म्हणलं हुतं तिला, आडून इचारू नगं, सरळ इचार. तर म्हणती, मी सरळच इचारलं. दोनदा इचारलं. सर ‘जाऊ द्या’ म्हणाले.”

“मी गाडीला म्हणालो होतो.”

“ते मला कळतंय.”

आतून कपांचा आवाज येत होता. मी उठलो. स्वयंपाकघराचं दार अंगणापासून आठ-दहा पावलांवर होतं आणि उघडं होतं. अण्णांनी माझा हात धरला. त्यांच्या पकडीत जोर होता. आयुष्यभर स्टिअरिंग धरलेला हात होता तो.

“आळीसमोर दादा म्हणाली ती,” ते म्हणाले. “एकदा एका घरातून माघारी आलीय, सर. शब्द माघारी घ्यायला लावू नगा तिला. तिनं तिकडून हितवर येताना त्योच एक ठरवला असंल.”

“मग आता?”

अण्णांनी हात सोडला. त्यांनी ट्रककडे पाहिलं.

“आता जाऊ द्या,” ते म्हणाले.

आतून तिने विचारलं, नेहमीच्याच आवाजात, “दादा, साखर किती घालू?”

गेली दीड-दोन वर्षं ती माझ्या चहात साखर घालत होती. तिला माहीत होतं.

“दोन चमचे,” मी म्हणालो. आणि मग, कारण ती थांबली होती, आणि अण्णाही थांबले होते, “दोनच, ताई.”

भाडं भरलेलं होतं. मी वर्ष पूर्ण केलं. तिची गाडी फाटकातून मागे येताना मी घरी असलो तर मागे जाऊन उभा राहत असे. “येऊ द्या,” म्हणत असे. तेवढं एक वाक्य शिल्लक होतं. पुढच्या आषाढात मला रत्नागिरीला कायम नोकरी मिळाली.

दुर्बीण अजून आहे. चंद्र चांगला दिसतो. अमावास्येला चंद्र नसतो, त्या रात्री मी अगस्त्य बघतो. इथून तो समुद्रावर येतो. पंचांग मी घरात ठेवत नाही, पण अमावास्या कधी आहे हे मला माहीत असतं.

मागच्या वर्षी लोणंदचा एक विद्यार्थी भेटला. बोलता बोलता धायगुड्यांचा विषय निघाला. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. सिंधूताईंच्या आता दोन गाड्या आहेत, तो म्हणाला. एकीवर ड्रायव्हर आहे, दुसरी अजून स्वतः चालवतात. एकट्याच. शेजारी क्लीनर कधी ठेवला नाही.

मी त्याला म्हणालो, की क्लीनर आजकाल कोणीच ठेवत नाही. परवडत नाही. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

तो जरा गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. काही सिद्ध होतं, असं तो म्हणालाच नव्हता.